बॅटरीच्या टक्क्याचे दप्तर

लिनक्स चालणाऱ्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडावे, ‘कॅट’ या कमांडपुढे ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/कपॅसिटी’ हा पत्ता लिहावा आणि एंटर दाबावे. उत्तरात एक आकडा येतो, समजा ७४. त्याच्यापुढे टक्क्याचे चिन्ह नसते. तो कुणी काढला, कशाला कशाने भागून काढला आणि त्यावर कितपत विसंबावे, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेले नसते. ते शोधायचे तर आकड्यामागचे कागद उघडावे लागतात, आणि सुदैवाने ते बऱ्यापैकी शाबूत आहेत.

या दप्तरात तीन जातींचे कागद आहेत. पहिली जात स्पेसिफिकेशनांची. कंपन्यांनी मिळून ठरवलेले हे नियम. त्यांतून काय व्हायला हवे होते एवढे कळते. दुसरी जात ड्रायव्हरांच्या सोर्स कोडची. त्याच्या माथ्यावर लिहिणाऱ्यांची नावे, साल आणि बदलांच्या नोंदी असतात. त्यांतून काय केले गेले ते कळते. तिसरी जात त्याच कोडमध्ये दडलेल्या अपवादांच्या तक्त्यांची. अमुक कंपनीचे अमुक मॉडेल, त्यावरचा अमुक तारखेचा बायोस (यंत्र सुरू करणारा, त्यातच बसवलेला प्रोग्रॅम), आणि त्याचे उत्तर चुकीचे येते, अशा या नोंदी. यंत्रांनी प्रत्यक्षात काय केले हे फक्त तिथे सापडते. पहिल्या दोन जाती वाचून लिहिलेला इतिहास बखरीसारखा होतो, त्यात सगळे आपापल्या जागी शोभून दिसतात. तिसरी जात वाचली की जबान्या एकमेकींशी जुळेनाशा होतात आणि खरे काम सुरू होते.

टर्मिनलवर उमटलेल्या ओळी मात्र फारशा उरत नाहीत. वाचल्या, खिडकी बंद केली, संपले. म्हणून १९९६ साली एखाद्याला पडद्यावर काय दिसले असेल, हे त्या वेळच्या कोडवरूनच जुळवावे लागते.

बायोसला विचारलेला प्रश्न

पहिला कागद इंटेल आणि मायक्रोसॉफ्टचा. ‘ॲडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट’, म्हणजे एपीएम, या स्पेसिफिकेशनची १.० ही आवृत्ती जानेवारी १९९२ ची, १.१ सप्टेंबर १९९३ ची आणि १.२ फेब्रुवारी १९९६ ची. बॅटरीकडे लक्ष ठेवण्याचे काम त्यात बायोसकडे दिलेले आहे. ऑपरेटिंग सिस्टिमने बायोसला ठरलेल्या रीतीने हाक मारायची: हेक्स आकड्यांत १५ क्रमांकाचा इंटरप्ट, एएच रजिस्टरमध्ये ५३, एएलमध्ये ०ए. या हाकेचे नाव ‘गेट पॉवर स्टेटस’.

उत्तर रजिस्टरांतच परत येते. बीएचमध्ये वीजजोडणी: ० म्हणजे जोडलेली नाही, १ म्हणजे जोडलेली आहे. बीएलमध्ये बॅटरीची अवस्था: ० भरपूर, १ कमी, २ अगदी तळाला, ३ चार्ज होत आहे. सीएलमध्ये उरलेला टक्का, ० ते १००. या तिन्ही जागांत २५५ आला तर त्याचा अर्थ ‘माहीत नाही’.

या मांडणीतल्या दोन गोष्टी पुढे तीस वर्षे टिकल्या. एक, टक्क्याला एकच बाइट मिळाला, त्यामुळे दशांशाला जागा नव्हती. दुसरी, टक्का कसा काढला हे विचारण्याची सोयच नव्हती. हिशेब बायोसचा, उत्तरही बायोसचे. विचारणाऱ्याच्या हाती फक्त निकाल.

१.१ या आवृत्तीने त्यात भर घातली. सीएच रजिस्टरमध्ये बॅटरीची निशाणे आली, एकेका बिटाला एकेक अर्थ. डीएक्समध्ये उरलेला वेळ आला. डीएक्सचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर आकडा मिनिटांत, ० असेल तर सेकंदांत. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये याची खूण अजून दिसते: एपीएमची आवृत्ती १.० पेक्षा वरची असेल तरच तो निशाणे आणि वेळ वाचतो. म्हणजे १.० चा बायोस असलेल्या लॅपटॉपवर टर्मिनलला टक्का मिळू शकत होता, पण ‘अजून किती वेळ चालेल’ याचे उत्तर मिळणे शक्यच नव्हते.

नऊ रकाने

दुसरा कागद लिनक्सच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली, ‘एपीएम.सी’ ही फाइल. तिच्या माथ्यावर स्टीफन रॉथवेल यांचे नाव आहे आणि स्वामित्वाचे साल १९९४ पासून सुरू होते. ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या कामाला एनईसी ऑस्ट्रेलिया आणि एनईसी कॉर्पोरेशनने पैसा पुरवला, अशीही नोंद आहे. त्याखाली महिन्यांची यादी येते. ऑक्टोबर १९९५ मध्ये रिक फेथ यांनी १.३ मालिकेच्या कर्नलसाठी किरकोळ सुधारणा केल्या आणि माहितीपत्र लिहिले. जानेवारी १९९६ मध्ये त्यांनीच ‘/प्रॉक/एपीएम’ या फाइलची मांडणी सोपी केली. एप्रिल १९९६ मध्ये रॉथवेल यांनी ड्रायव्हरच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या तयार केल्या.

शेजारी दुसरी यादी आहे, तिच्यात तारखा नाहीत, फक्त आवृत्त्या आहेत. ०.६बी ही अधिकृत कर्नलमध्ये शिरलेली पहिली आवृत्ती, लिनक्स १.३.४६ मध्ये. ०.७ ने ‘/प्रॉक/एपीएम’ची मांडणी बदलली, लिनक्स १.३.५८ मध्ये. १.० ने डिव्हाइसचा क्रमांक कायमचा ठरवला, लिनक्स १.३.८५ मध्ये. दोन याद्या एकमेकींवर ठेवल्या की कालक्रम उलगडतो. ०.७ चा बदल आणि जानेवारी १९९६ चा बदल एकच आहेत. म्हणून त्याआधीचा अधिकृत प्रवेश ऑक्टोबर १९९५ आणि जानेवारी १९९६ यांच्या मधला. त्यापूर्वी हा ड्रायव्हर १९९४ पासून कर्नलबाहेर, ज्याला हवा त्याने पॅच म्हणून लावून घ्यावा अशा रूपात होता. जून १९९६ मध्ये लिनक्स २.० बाहेर पडला तेव्हा बॅटरी विचारण्याची सोय त्यात आलेली होती.

मांडणी सोपी केली म्हणजे काय केले, हे फाइलमधल्या टिपणीवरून कळते. तिथे रकान्यांना शून्यापासून आठपर्यंत क्रमांक दिले आहेत. पहिला रकाना ड्रायव्हरच्या आवृत्तीचा, आणि मांडणी बदलली तर हा आकडा बदलेल असे शेजारी स्पष्ट लिहिले आहे. मग बायोसची एपीएम आवृत्ती, बायोसची निशाणे, वीजजोडणी, बॅटरीची अवस्था, बॅटरीची निशाणे, टक्का, वेळ, आणि शेवटी तो वेळ मिनिटांत आहे की सेकंदांत. सगळे एका ओळीत, मध्ये फक्त मोकळी जागा.

कोडमधला छपाईचा साचा हाती असल्यामुळे अशी ओळ आज पुन्हा रचता येते. बायोस १.२, वीज जोडलेली नाही, बॅटरी भरपूर, टक्का ७४ आणि ९५ मिनिटे शिल्लक असतील, तर ‘कॅट /प्रॉक/एपीएम’ला उत्तर आले असते ते असे (हेक्स आकड्यांपुढची खूण गाळून आणि लिपी बदलून):

१.१६ १.२ ०३ ०० ०० ०१ ७४% ९५ मिन

ही ओळ माणसापेक्षा दुसऱ्या प्रोग्रॅमने वाचावी म्हणून लिहिलेली आहे. आवृत्ती सर्वांत आधी येते याचे कारण तेच: पुढचे रकाने कसे वाचायचे हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ओळीच्या सुरुवातीलाच कळावे. माणसासाठी फेथ यांनी ‘एपीएम’ ही कमांड लिहिली. तिला ‘-एम’ जोडले की उरलेला वेळ तास-मिनिटांऐवजी नुसत्या मिनिटांत मिळे. पण कमांडचे काम एवढेच होते: ती ओळ वाचायची आणि वाक्यात बसवायची. तिच्याकडे स्वतःची कोणतीही माहिती नव्हती. बायोसने जे रजिस्टरांत टाकले ते ड्रायव्हरने ओळीत उतरवले, ओळीतले कमांडने वाक्यात. मध्ये कुणीही मोजमाप केलेले नाही.

साक्षीदार चुकतो तेव्हा

ही साखळी कुठे तुटत होती, ते अपवादांच्या तक्त्यात दिसते. लिनक्सने पुढे बायोसमधली ओळखपत्रे वाचायला सुरुवात केली: निर्माता, मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि तारीख. अमुक ओळख जुळली तर अमुक दुरुस्ती करा, असा तक्ता त्यावर बांधला.

त्यात सोनीच्या व्हायो लॅपटॉपांची लांब रांग आहे. १९९९-२००० च्या सुमाराच्या तारखांचे बायोस आहेत आणि टिपणी सांगते की हे बायोस मिनिटांच्या आकड्याचे दोन बाइट उलटे देतात. याचा परिणाम टर्मिनलवर काय झाला असेल, ते गणिताने काढता येते. दोन तास, म्हणजे १२० मिनिटे, शिल्लक आहेत असे धरू. दोन बाइटांत हा आकडा मांडला तर वरचा बाइट ० आणि खालचा १२०. उलटापालट झाली की वरचा १२० आणि खालचा ०, म्हणजे १२० गुणिले २५६, म्हणजे ३०,७२०. या आकड्यात सर्वांत वरचा बिट ० आहे, म्हणून ड्रायव्हर त्याला सेकंद समजणार. ३०,७२० सेकंद म्हणजे ८ तास ३२ मिनिटे. त्या काळच्या लॅपटॉपला साडेआठ तास! दुरुस्तीचा कोड नेमके याच्या उलट करतो: बाइट पुन्हा फिरवतो आणि मिनिटांचा बिट स्वतः चढवतो. टक्का वेगळ्या रजिस्टरमधून येत असल्यामुळे त्याला या गोंधळाचा स्पर्श नव्हता. एकाच ओळीतले दोन शेजारी रकाने, एक विश्वासार्ह आणि एक नाही, अशी अवस्था होती.

त्याच तक्त्यात डेल इन्स्पिरॉन ५०००ई आणि २५०० यांच्या काही बायोसांची नावे आहेत. त्यांच्या बाबतीत दुरुस्ती याहून कडक: बॅटरीची चौकशीच करायची नाही. अशा यंत्रावर छपाईच्या साच्यात सुरुवातीचीच मूल्ये राहतात आणि ओळीचा शेवट ‘-१% -१ ?’ असा होतो. उणे एक टक्का ही चूक वाटते, पण ती ड्रायव्हरने विचारपूर्वक दिलेली कबुली आहे. साक्षीदार भरवशाचा नसेल तर त्याचा जबाब नोंदवायचा नाही, हा नियम तिथे पाळलेला आहे.

भागाकार कुणी करायचा

एपीएमच्या काळातच दुसरा विचार सुरू झाला होता. ड्युरासेल आणि इंटेल यांनी पुढाकार घेऊन ‘स्मार्ट बॅटरी’चे स्पेसिफिकेशन काढले, १.० आवृत्ती फेब्रुवारी १९९५ ची. यात बॅटरीच्या डब्यातच मोजणारी चिप असते आणि तिला दोन तारांच्या बसवरून प्रश्न विचारता येतात. एकेका प्रश्नाला हेक्स क्रमांक आहे: ०डी म्हणजे सापेक्ष टक्का, ०ई म्हणजे निरपेक्ष टक्का, ०एफ म्हणजे उरलेली क्षमता, १० म्हणजे पूर्ण भरल्यावरची क्षमता, १८ म्हणजे मूळ आराखड्यातली क्षमता.

टक्के दोन आहेत, हे इथे पहिल्यांदा उघड लिहिलेले सापडते. बॅटरी नवी असताना ५०,००० मिलिवॉट-तास मावत होते, आता वापरून ती थकली आणि ४०,००० च मावतात, आणि या क्षणी २०,००० उरले आहेत असे धरले, तर सापेक्ष टक्का ५० आणि निरपेक्ष टक्का ४०. दोन्ही बरोबर. भाजक कोणता धरला एवढाच फरक. याच स्पेसिफिकेशनात ०सी हा प्रश्नही आहे: टक्क्याच्या हिशेबात चूक किती असू शकेल? बॅटरीने स्वतःच्या उत्तराबद्दलची शंका स्वतःच सांगावी, अशी सोय १९९५ मध्ये कागदावर होती.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ची १.० आवृत्ती प्रसिद्ध केली. तिने एपीएमचा प्रश्नच बदलला. बायोसकडे टक्का मागायचा नाही. कच्चे आकडे मागायचे. ते दोन गठ्ठ्यांत येतात. ‘_बीआयएफ’ या गठ्ठ्यात स्थिर माहितीचे तेरा रकाने: एकक कोणते, आराखड्यातली क्षमता, शेवटच्या पूर्ण चार्जची क्षमता, मॉडेल, अनुक्रमांक, बॅटरीचा प्रकार वगैरे. ‘_बीएसटी’त बदलत्या माहितीचे फक्त चार: अवस्था, खर्चाचा वेग, उरलेली क्षमता, व्होल्टेज. टक्का यांपैकी कुठेही नाही. त्याचे सूत्र स्पेसिफिकेशनमध्ये वेगळे दिले आहे: उरलेल्या क्षमतेला शेवटच्या पूर्ण चार्जच्या क्षमतेने भागावे आणि शंभराने गुणावे. म्हणजे भागाकार बायोसकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला, आणि भाजक सापेक्षच राहिला. चूक किती असू शकेल याचा अंदाज सांगणारा रकाना मात्र या चारांत आला नाही. मापनाच्या अचूकतेचा रकाना मिळायला जून २००९ ची ४.० आवृत्ती आणि तिच्यातला ‘_बीआयएक्स’ हा नवा गठ्ठा यावा लागला.

लिनक्सच्या एसीपीआय बॅटरी ड्रायव्हरच्या माथ्यावरची सर्वांत जुनी नावे अँडी ग्रोव्हर आणि पॉल डिफेनबॉ यांची, साल २००१-०२. या ड्रायव्हरने ‘/प्रॉक/एसीपीआय/बॅटरी/बॅट०’ या डिरेक्टरीत ‘इन्फो’ आणि ‘स्टेट’ अशा दोन फाइली मांडल्या. एकीत पहिला गठ्ठा, दुसरीत दुसरा. इथे रकाने नाहीत. प्रत्येक ओळीत नाव, मग अपूर्णविराम, मग आकडा आणि एकक, अशी माणसाला वाचता येणारी मांडणी आहे. टक्का हवा असेल तर ‘ग्रेप’ने एका फाइलमधून उरलेली क्षमता, दुसरीतून शेवटच्या पूर्ण चार्जची क्षमता काढायची आणि ‘ऑक’ने भागाकार करायचा. ज्यांना हा खटाटोप नको होता त्यांच्यासाठी ‘एसीपीआय’ ही छोटी कमांड आली. तिने अवस्था, टक्का आणि उरलेला वेळ एका वाक्यात दिला. वाक्य एपीएमच्या काळातल्यासारखेच वाटते, पण हिशेबाची जागा बदललेली आहे. आधी कमांड दुसऱ्याचा टक्का सांगत होती, आता ती स्वतः काढत होती.

दोन हजार सातचे माहितीपत्र

ऑक्टोबर २००७ मध्ये लिनक्स २.६.२३ आला आणि त्याच्यासोबत ‘पॉवर सप्लाय क्लास’, म्हणजे सुरुवातीला पाहिलेली ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय’ ही डिरेक्टरी मांडणारी रचना. त्याच्या मुख्य फाइलवर स्वामित्वाच्या तीन ओळी आहेत: इयन मोल्टन २००३, साबोल्च ग्युर्को २००४, अँटन वोरोंत्सोव्ह २००७. तीन सालांचे तीन थर सांगतात की ही रचना २००७ मध्ये एकाएकी उभी राहिलेली नाही. अधिकृत कर्नलमध्ये येण्याआधी ती चार वर्षे घडत होती.

तिच्यासोबतचे माहितीपत्र हा या दप्तरातला सर्वांत बोलका कागद आहे. आधी एककांचा नियम: व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये, प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये, ऊर्जा मायक्रोवॉट-तासांत, रूपांतर करणे ड्रायव्हरचे काम. ‘चार्ज’ने सुरू होणाऱ्या फाइली फक्त मायक्रोअँपिअर-तासांत, ‘एनर्जी’ने सुरू होणाऱ्या फक्त मायक्रोवॉट-तासांत, आणि ‘कपॅसिटी’ फक्त टक्क्यांत.

मग शेवटी प्रश्नोत्तरे. एक प्रश्न असा: माझ्याकडे फार खास गुणधर्म आहे, उदाहरणार्थ बॅटरीचा रंग, तो प्रमाण यादीत घालू का? उत्तर: बहुधा नको. पुढचा प्रश्न आपल्या कामाचा. चिप टक्का देत नसेल, पण उरलेला आणि पूर्ण चार्ज देत असेल, तर ड्रायव्हरने भागाकार करून ‘कपॅसिटी’ची फाइल भरावी का? पुन्हा उत्तर: बहुधा नको. हार्डवेअर जे थेट मोजते तेवढेच इथे मांडायचे. अंदाज बांधणे ड्रायव्हरचे काम नाही. बॅटरीचे पूर्ण गणिती प्रारूप तर कर्नलमध्ये नकोच, कारण त्याला अपूर्णांकांचे गणित, डिफरन्शियल समीकरणे आणि काल्मन फिल्टर लागतील. ते काम वेगळ्या प्रोग्रॅमने करावे, जो अजून लिहिला जायचा आहे.

या तत्त्वाला साजेसा एक ड्रायव्हर त्याच आवृत्तीत होता: डेव्हिड वुडहाऊस यांचा, ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’च्या एक्सओ या यंत्रासाठी. त्या यंत्रात एसीपीआय नव्हते. ड्रायव्हर थेट आतल्या नियंत्रक चिपला विचारतो. टक्क्यासाठी हेक्स १६ या क्रमांकाचा आदेश आहे आणि चिपने दिलेला बाइट जसाच्या तसा ‘कपॅसिटी’त जातो. बॅटरीच्या निर्मात्यांत गोल्ड पीक आणि बीवायडी ही नावे कोडमध्येच लिहिलेली आहेत. हेच हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत पोहोचले. भारतातला तो या प्रकल्पाचा पहिला प्रयोग होता.

आता एसीपीआयचा ड्रायव्हर त्याच्याशेजारी ठेवून पाहावा. सुरुवातीला त्याने माहितीपत्राचा सल्ला मानला आणि फक्त ऊर्जेच्या किंवा चार्जच्या फाइली दिल्या. पुढे त्यात ‘कपॅसिटी’ आली, आणि तिच्यामागचा कोड म्हणजे नेमका तो नको म्हटलेला भागाकार: उरलेली क्षमता गुणिले शंभर, भागिले पूर्ण क्षमता, तोही पूर्णांकांत. म्हणजे एकाच नावाच्या फाइलीत दोन वेगळ्या जन्माचे आकडे राहू लागले. खैरातच्या यंत्रात तो चिपचा जबाब होता. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर तो कर्नलचा हिशेब आहे. टर्मिनलवर दोन्ही सारखेच दिसतात. एसीपीआयच्या स्पेसिफिकेशनमध्ये सूत्र दिलेलेच होते, त्यामुळे कर्नलने मनाने काही रचले असे म्हणता येणार नाही. पण २००७ चे माहितीपत्र आणि पुढचा व्यवहार यांत अंतर पडले, आणि फक्त माहितीपत्र वाचणाऱ्याला ते कळणार नाही.

एककांच्या नियमानेही एक भास निर्माण केला. ‘एनर्जी_नाउ’मध्ये २,०४,५०,००० असा भरभक्कम आकडा दिसतो आणि वाटते, काय हे मोजमाप! पण एसीपीआय मिलिवॉट-तासांत बोलते आणि ड्रायव्हर त्याला हजाराने गुणतो. शेवटची तीन शून्ये कुणी मोजलेली नाहीत.

अपवादांचा तक्ता इथेही आहे. एका टिपणीनुसार २०१० आणि २०११ च्या काही थिंकपॅडांत वीज जोडली-काढली की एककच बदलते, कधी मिलिवॉट-तास, कधी मिलिअँपिअर-तास. आणि दुसऱ्या एककात असताना बहुतेक आकडे चुकीचे असतात. एक्स२०१, टी४१०, एक्स२२० यांवर खातरजमा केल्याची आणि २०११ च्या मॉडेलांसाठी २०१२ मध्ये बायोसची दुरुस्ती निघाल्याचीही नोंद तिथेच आहे. दुसरी टिपणी अशा बॅटऱ्यांची, ज्या पूर्ण भरल्यावर ‘उरलेली क्षमता’ म्हणून आराखड्यातला आकडा सांगतात. मघाच्या उदाहरणातली थकलेली बॅटरी असे वागली तर ५०,००० भागिले ४०,०००, म्हणजे १२५ टक्के. ड्रायव्हर असा आकडा गुपचूप पूर्ण क्षमतेवर आणून ठेवतो. टर्मिनलवरचा १०० कधीकधी असा कापून घडवलेला असतो.

जुनी डिरेक्टरी लगेच गेली नाही. ‘/प्रॉक/एसीपीआय/बॅटरी’ कालबाह्य ठरवून ती ठेवायची की नाही हे कर्नल बांधणाऱ्यावर सोडले. २०१३ मध्ये तिचा कोड काढून टाकण्यात आला. पण तिच्यावर अवलंबून असलेले जुने प्रोग्रॅम बंद पडले, आणि २०१४ मध्ये तो बदल मागे घ्यावा लागला. विचारण्याची एखादी वाट एकदा रुळली की ती बुजवणे किती कठीण, त्याचा हा लेखी पुरावा.

एकाच घरातली निशाणे

वाटा टिकतात याचा आणखी ठळक पुरावा लिनक्सबाहेर आहे. विंडोजमध्ये बॅटरी विचारणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी ‘गेटसिस्टमपॉवरस्टेटस’ हे फंक्शन आहे. ते जी रचना भरून देते तिच्यात वीजजोडणी ०, १ किंवा २५५. टक्का ० ते १०० किंवा २५५. आणि निशाणे १ भरपूर, २ कमी, ४ तळाला, ८ चार्जिंग, १२८ बॅटरीच नाही. ही निशाणे एपीएम १.१ च्या सीएच रजिस्टरशी बिटाला बिट जुळतात: बिट ०, १, २, ३ आणि ७. दोन अनोळखी लोकांनी स्वतंत्रपणे यादी केली तर मधले तीन बिट मोकळे सोडून सातवाच बिट ‘बॅटरी नाही’साठी निवडणे जवळजवळ अशक्य. अशी जुळणी म्हणजे एकाच मुळाची खात्री. भरपूर म्हणजे ६६ टक्क्यांच्या वर, कमी म्हणजे ३३ च्या खाली, तळाला म्हणजे ५ च्या खाली, असे आकडेही विंडोजच्या माहितीपत्रात आहेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून एपीएमला आधार देणे थांबवले. त्याची निशाणे मात्र ठेवली.

ओपनबीएसडीत तर कमांडचे नावही बदलले नाही. तिथे आजही ‘एपीएम -एल’ लिहिले की टक्का येतो, ‘-एम’ लिहिले की मिनिटे, ‘-बी’ लिहिले की अवस्थेचा आकडा: ० भरपूर, १ कमी, २ तळाला, ३ चार्जिंग, ४ बॅटरी नाही, २५५ माहीत नाही. आजच्या लॅपटॉपवर खाली एसीपीआय चालू असते, पण वर प्रश्नोत्तरांची भाषा १९९० च्या दशकातल्या बायोसचीच आहे.

आकडा कसा वाचावा

सगळे कागद शेजारी मांडल्यावर दिसते ते असे. आत मोजणारे यंत्र बदलत गेले: आधी बायोस, मग एसीपीआयचे गठ्ठे, आणि काही यंत्रांत थेट चिप. भागाकार करणाराही बदलला: बायोस, मग टर्मिनलवरची कमांड, मग कर्नल. न बदललेली गोष्ट म्हणजे १९९२ मध्ये ठरलेली उत्तराची आकृती, शून्य ते शंभर यांच्यातला एक पूर्णांक. त्या आकृतीत भाजकाला जागा नव्हती, चूक किती असू शकेल याच्या अंदाजालाही नव्हती. ‘माहीत नाही’ एवढी एकच शंका तिच्यात व्यक्त करता येत होती. पुढच्या प्रत्येक पिढीने जास्त माहिती दिली, आणि वापरणाऱ्याने शेवटी तोच एक पूर्णांक मागितला.

म्हणून टर्मिनलवर बॅटरी पाहायची असेल तर ‘कपॅसिटी’वर थांबू नये. त्याच डिरेक्टरीत ‘एनर्जी_नाउ’, ‘एनर्जी_फुल’ आणि ‘एनर्जी_फुल_डिझाइन’ या तीन फाइली असतात. काही यंत्रांत त्याच नावांनी, फक्त ‘एनर्जी’च्या जागी ‘चार्ज’. तिघींना एकदम ‘कॅट’ करावे. पहिलीला दुसरीने भागले की पडद्यावरचा टक्का मिळतो. दुसरीला तिसरीने भागले की बॅटरी किती थकली ते कळते, आणि ‘कपॅसिटी’ नेमके तेच झाकते: थकलेली बॅटरीही पूर्ण भरली की १०० च सांगते. बॅटरीची नोंद ठेवायची असेल तर हे तीनही आकडे तारखेसह ठेवावेत. नुसत्या टक्क्यांची वही वर्षभर भरली तरी तिच्यातून बॅटरी खराब होत गेली का, हे कुणालाच सांगता येणार नाही. भाजक तिच्यात लिहिलेलाच नसतो.